ती ओरडली म्हणून

एल्युसिस, दगडांचा सण उरकल्यावर

देमोफोन,

तळहाताचं कसं आहे? इथे होतास तोवर मी मध आणि तेल लावत होते, पुढे कोणी लावलं की नाही ते तुलाच ठाऊक. आणि एजिना बेटावर जाऊन तू कुंभाराच्या भट्टीवर लागलास असं बात्तोस सांगतो. बेटावर जाळी विणायची कामं असतील, मासे खारवायची असतील, आणि माझ्या लेकाला नेमकी भट्टीच सापडली! असो. मी भांडायला बसलेली नाही.

ही मेणाची पाटी बात्तोसच्याच होडीतून येते आहे. वाचून झालं की मेण सपाट कर, त्यावरच तुझं लिही आणि त्याच्याकडे दे. त्याला काही द्यायची गरज नाही. तो खारे मासे विकायला आला की आपल्याकडे पोटभर जेवतो आणि वर स्वयंपाकघरात यांबेशी मनसोक्त भांडतो. तेवढ्यावर तो खूश असतो.

वर्ष झालं तुला जाऊन. काल सण झाला. गावच्या पोरांनी दोन बाजू करून एकमेकांवर दगड फेकायचे, देवीने सांगितलं म्हणून, तुझ्या मानासाठी. पहिला दगड तुझ्या हातचा असतो. तू नाहीस म्हणून यंदा तो फेरेसने टाकला. हो, तोच फेरेस. गेल्या वर्षी भर मैदानात तो तुला म्हणाला, "आईने जरा तोंड आवरलं असतं तर आज देव असतास रे! आता खा दगड!" सगळी पोरं हसली. तू मागे वळून बायकांच्या घोळक्यात मला शोधलंस, आणि मी मान खाली घातली.

मान खाली घातली म्हणूनच तुला ते खरं वाटलं, नाही का? घरी आलास, सरळ चुलीपाशी गेलास आणि निखाऱ्यांत हात घातलास. देवपण थोडं तरी शिल्लक आहे का ते बघायला. शिल्लक नव्हतं, बाळा. मांस जळल्याचा वास घरभर झाला होता. अजून कधी कधी मला तो येतो.

सण तुझा आहे, कारण तू लहानपणी देवीच्या मांडीवर झोपलेला आहेस, एवढंच मी तुला सांगत आले. ते खोटं नव्हतं. पुढचं सांगायचं राहिलं. तुला ऐकायचं असेल तर लिहीन.

आपली पांढरी शेळी व्याली. तुझे वडील मजेत आहेत.

आई

एल्युसिस, ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत

देमोफोन,

पाटी परत आली. मेण गुळगुळीत, एक रेघ नाही. मी तिचे सगळे अर्थ लावून पाहिले. यांबे म्हणाली, "अगं, वाचलीच नसती तर तुझीच अक्षरं परत आली असती. पुसली म्हणजे वाचली." तेवढ्यावर मी आठवडा काढला.

तुझं लग्न झालं म्हणे. कुंभाराचीच मुलगी, मेलित्ता नाव. हे मला मासेवाल्याकडून कळावं? तो दारात उभा राहून सांगतोय आणि मी आपली हो हो करतेय, जसं काही मला आधीपासून माहीत होतं. मुलगी कशी आहे? हंड्यांना कान फार सुबक लावते असं बात्तोस म्हणाला. मासेवाल्याला सुनेची एवढीच माहिती असायची.

तू ऐकायला तयार आहेस की नाही ते कळवलं नाहीस. मी सांगते. फेरेसचं अर्धवट डोक्यात घेऊन तू म्हातारा होऊ नयेस.

चार मुलींवर तू झालास, तोही मी आशा सोडल्यावर. मुली पाण्याला पोरींच्या विहिरीवर गेल्या होत्या, तिथे दगडावर एक म्हातारी बसलेली. तिला घरी घेऊन आल्या. नाव म्हणाली दोसो, क्रीटहून आले, चाच्यांच्या तावडीतून सुटले. दारात उभी राहिली तर डोकं वरच्या चौकटीला टेकलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण मला मूल सांभाळायला बाई हवी होती, आणि गरजवंत माणूस चौकट बघत बसत नाही. माझी खुर्ची दिली तर बसेना. यांबेने तिची स्वयंपाकघरातली बुटकी तिपाई आणली, वर मेंढीचं कातडं टाकलं, तेव्हा बसली. तोंडावर पदर. बोलणं नाही, खाणं नाही. यांबेच्याने असं गप्प माणूस बघवतं का? ती लंगडत पुढे आली आणि स्वतःच्या पायावरून, माझ्या म्हातारपणीच्या बाळंतपणावरून आणि तुझ्या वडिलांवरून जे काही बोलत सुटली ते मी इथे लिहिणार नाही. म्हातारीचे आधी खांदे हलले, मग ती खळखळून हसली. वाईन दिली तर नको म्हणाली. जवाची पेज मागितली, पुदिना घातलेली. मग मी तुला तिच्या ओटीत दिलं.

तू असा भरभर वाढायला लागलास की शेजारणी म्हणाल्या, "मेतानिरा, पोराला कोणाची नजर लागेल गं!" दूध तोंडाला लावत नव्हतास, पेजेचा थेंब नाही, आणि अंगावर हे तेज. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. अंगावरचं मूल न खाता वाढतं तेव्हा आईला धडकीच भरते.

म्हणून एका रात्री मी दाराआडून पाहिलं. चुलीत ओंडका सारतात तसं तिने तुला निखाऱ्यांत सारलं होतं. तू रडत नव्हतास. हे फेरेसला ठाऊक नाही, मलाही पुष्कळ नंतर आठवलं. तू पाय हलवून खेळत होतास. पण त्या क्षणी मला फक्त आग दिसली आणि आगीत माझं मूल दिसलं. मी दोन्ही मांड्या बडवून ओरडले.

तिने तुला बाहेर काढलं आणि जमिनीवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. आणि ती वाढत गेली, आढ्याला भिडली, घर विजेसारखं लख्ख झालं. दोसो वगैरे कोणी नव्हतंच. देमेतर होती, सगळ्या जगाचं धान्य जिच्या हातात. म्हणाली, "मूर्ख माणसांनो, मी याला न मरणारा, न म्हातारा होणारा करत होते. तुझ्या ओरडण्याने ते गेलं." मी जमिनीवर बसले. तुला उचललं ते तुझ्या कालिथोएताईने. तू मात्र तिच्या हातांत शांत होईनास. चौघी बहिणी तुला पहाटेपर्यंत खेळवत होत्या आणि तू त्या दुसऱ्या हातांसाठी रडत होतास. ते मला आगीपेक्षा जास्त भाजलं.

आता एक सांगते, ते वाचून मेण नीट पूस, देव ऐकत असतात. ती आमच्या दारात का आली होती? तिची लेक पाताळाच्या राजाने उचलून नेली होती म्हणून. लेकीसाठी ती दिवट्या घेऊन पृथ्वीभर आक्रोश करत फिरली. पुढे वर्षभर जगात दाणा उगवू दिला नाही, आपल्या शेतात बैल मेले, ती लेकीसाठीच. आणि मी माझ्या लेकासाठी चुलीपुढे एकदा ओरडले तर मी मूर्ख! हे तिला तेव्हा विचारायला हवं होतं. तोंड उघडलंच नाही. जिथे उघडायला नको होतं तिथे उघडलं, असं फेरेस म्हणेल.

तुझे वडील मजेत आहेत.

आई

एल्युसिस, ऐन थंडीत

देमोफोना, पोरा,

ही मी, यांबे. तुझ्या आईला माहीत नाही. माहीत झालं तर मला मुसळाने बदडेल, आणि एक पाय तर आधीच कामातून गेलेला आहे. अक्षरं वाकडी आहेत, तुझ्या कालिथोएताईने शिकवली तशी आली. हसू नकोस.

दुसऱ्यांदा पाटी आली तीही कोरी. पण तू नीट पुसली नाहीस. कोपऱ्यात एका अक्षराचा तळ राहिलाय. काहीतरी लिहिलंस आणि पुसलंस. तुझी आई ती पाटी उजेडाला म्हणून चुलीपुढे धरून बसते. मी ओरडते, "अगं बये, मेण वितळेल, मग तेवढंही जाईल!" तर मला म्हणते, "तू कशाला ओरडतेस, ओरडायचं काम माझं आहे." असं बोलते, पण हसत नाही.

ती दोन्ही पत्रांत 'वडील मजेत' लिहिते, ते खोटं आहे. केलेऊस अंथरुणाला खिळलाय. डावी बाजू गेली. बोलतो ते मला कळतं, तुझ्या आईला कळतं, बाकी कोणाला नाही. दाराचा आवाज आला की विचारतो, "कोण आलं?" बात्तोस आला की त्याला वाटतं तू आलास. मग बात्तोसही बिचारा ओशाळतो, आणि त्याला ओशाळलेला बघण्यासारखं दुःख नाही, कारण मग तो माझ्याशी भांडत नाही.

तुझी आई रोज दुपारी पोरींच्या विहिरीवर जाते. पाणी भरायला चार लेकी-नाती आहेत, तिला काय काम? त्याच दगडावर बसते, जिथे ती दुसरी बसली होती. तिथून खाडी दिसते, होड्या दिसतात. मी मागोमाग जाते, थट्टा करते. ज्या गोष्टी ऐकून साक्षात देवी हसली त्या सगळ्या सांगून झाल्या, तुझ्या वडिलांची ती बोकडाची गोष्टसुद्धा. देमोफोना, मी जिला हसवलं तिच्या हातात जगाचं धान्य होतं. आणि ही माझी स्वतःची बाई, जिच्या घरात मी जन्म काढला, तिला हसवणं मला जमत नाही. माझी सगळी कला गेली असं वाटतं.

तू रागावलायस, रागाव. पण देव झाला असतास तर काय झालं असतं ते मला विचार. आम्ही सगळे मेलो असतो आणि तू आहे तसाच, गुळगुळीत, इथे फिरत बसला असतास. देवांना ना भूक, ना पडसं, ना सासू. मी असते तर कंटाळून गेले असते.

यांबे

एल्युसिस, शेतं हिरवी झाल्यावर

देमोफोन,

बात्तोस उंबऱ्यातूनच ओरडला, "बाई, एजिनाला तुमच्या लेकाच्या दारावर लोकर बांधलीय!" ऑलिव्हचा हार असता तर मुलगा. लोकर म्हणजे मुलगी. मी खाली बसले. यांबेने त्याला मिठी मारली, तो माशांच्या टोपलीसकट पडला. तुझ्या वडिलांना सांगितलं तर त्यांना समजलं. उजवा हात उचलून हवेत लोकर पिंजल्यासारखी बोटं हलवली. त्यांना बरं नाही हे यांबेने तुला लिहिलंय, मला ठाऊक आहे. ती पाटीवर वाकून बसली होती आणि जीभ बाहेर काढून लिहीत होती, मला काय दिसत नाही? लिहू दिलं.

आता नाव ठेवायचा दिवस येईल. मूल घेऊन चुलीभोवती धावायचं, तेव्हा कुठे ते घराचं होतं. तिथे कोण धावतं? आपल्याकडे बाप धावतो, पण बेटावर सुईण धावते म्हणे. कोणी का धावेना, आधी चुलीभोवतीची राख झाडून घे, राखेवर पाय घसरतो. आग मंद ठेवा. दुपट्याची टोकं आत खोचायची, लोंबती ठेवायची नाहीत. मेलित्ताला जवाची पेज दे, दूध उतरतं. तिला सांग, सासूने विचारलंय. काय विचारलंय ते तूच जुळव.

तुझ्या दिवशी तुझे वडील तुला घेऊन धावले होते. मी कौतुकाने बघत होते, आगीची भीती म्हणून मनात आली नव्हती. चुलीला नमस्कार करायचा, एवढंच मला माहीत होतं. पुढे तीच चूल माझ्या स्वप्नात यायला लागली.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही, हे तुला समजलं असेलच. मी प्रयत्न करून पाहिला. यांबेला म्हटलं, लिहिते की चूक झाली, येईल घरी. लेखणी उचलली आणि हात चालेना. तुला ताप यायचा, खोकला लागायचा, तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून स्वतःला शिव्या घातल्या आहेत, की माझ्यामुळे हा खोकतोय, नाहीतर देवाला कुठला खोकला. सगळं खरं आहे. तू एक दिवस मरशील आणि ते माझ्यामुळे असेल, हे मनात घेऊन मी रोज भाकरी भाजली आहे. पण ती रात्र पुन्हा आली, मी दाराआडून पाहिलं, आणि तू पुन्हा निखाऱ्यांत दिसलास, तर मी पुन्हा ओरडेन. आधीपेक्षा मोठ्याने. मग तू घरी येवो न येवो.

देवीची लेक परवा पाताळातून वर आली. दरवर्षी येते, म्हणून तर शेतं हिरवी झालीत. देवळात गाणी चालली होती. मी शेवटच्या रांगेत उभी राहिले आणि त्या बाईला मनात म्हटलं, तुझी लेक मृत्यूच्या घरून येते, आणि माझा लेक एका खाडीपलीकडून येत नाही. तेव्हा तू जिंकलीस. आता तरी राग सोड.

नातीचे पाय कोणावर गेलेत?

आई

एजिना, दारावरची लोकर काढल्यावर

आई,

हाताची जखम भरली. तळव्यावर गाठ राहिली आहे, चाकावर काम करताना आडवी येते. भट्टीवर सगळे मला भाजक्या म्हणतात. सासऱ्याने सुरू केलं.

पत्रं लिहिली होती. दर वेळी लिहिली आणि बात्तोस निघाला की पुसली. जे लिहायचो ते वाचून तुला बरं वाटलं नसतं. त्या मैदानातल्या दिवसापासून मला एकच दिसायचं, की माझ्यापुढे न संपणारे दिवस होते आणि ते तू एका हाकेत संपवलेस. पाठ दुखली की तुझा राग यायचा. पहिला पांढरा केस मेलित्ताने दाखवला तेव्हाही तुझाच.

परवा नाव ठेवायचा दिवस झाला. तू लिहिलंस तशी राख मी स्वतः झाडली. आग मंद होती. दुपट्याची टोकं मेलित्ताने खोचली. इथे सुईणच धावते. ती या बेटावरची नाही, उंच आहे, म्हातारी आहे. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, क्रीटची. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

ती पोरीला घेऊन चुलीभोवती धावायला लागली. बायका गात होत्या. वळणावर ती आगीकडे झुकली, एवढंच. पाय घसरला असेल, किंवा वयामुळे तोल गेला असेल, किंवा नुसतीच वाकली असेल. आणि मी ओरडलो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. दोन्ही हातांनी मांड्या बडवल्या, आई. हे मला कोणी शिकवलं? मेलित्ता म्हणते, सासरे भट्टीवरून पळत आले, त्यांना वाटलं भट्टी फुटली. मी पोरीला सुईणीच्या हातातून हिसकावलं आणि त्या म्हातारीला नको नको ते बोललो. पोरीला काही झालं नव्हतं. ती झोपली होती, माझ्या आवाजाने उठली आणि रडायला लागली.

सगळे हसले, मीही हसलो. मग रात्री आठवलं. उंच. क्रीटची. चुलीकडे वाकली.

मला झोप लागली नाही. सकाळी उठून तिच्या झोपडीकडे गेलो. वाट चढणीची आहे, विचार करायला वेळ मिळाला. ती दारात कांदे चिरत बसली होती, डोळ्यांना पाणी, नाक लाल. मला बघून म्हणाली, "काय रे, ओरडायचं राहिलं का अजून काही?" मी माफी मागितली. तिने दोन कांदे दिले. देवी वगैरे काही नव्हती, गुडघे धरून उठली. पण ते मला तिच्या दारात गेल्यावर कळलं. तिथे पोचायच्या आधी, त्या चढणीवर, मी ठरवून टाकलं होतं, की ती देवी असली तरी मी ओरडलो ते बरोबरच होतं.

नाव मेतानिरा ठेवलं. मेलित्ताला वाटतं एवढ्याशा जिवाला लांबलचक होतं. मी म्हटलं, हाक लांबवर ऐकू जायला बरं. पाय तुझ्यावर गेलेत, अंगठा बाहेर वळलेला.

वारा पडला की आम्ही तिघं निघतो. बाबांना थांबायला सांग.

देमोफोन

एल्युसिस, लगेच

देमोफोना,

घाईत लिहितेय, बात्तोस होडी सोडायला निघालाय. तुझ्या आईचा पाटी उघडायला धीर होईना, म्हणून विहिरीवर त्या दगडाशी उभं राहून मीच मोठ्याने वाचली. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल. "दोन्ही हातांनी मांड्या बडवल्या, आई" इथे आले आणि ती हसायला लागली. आधी खांदे, मग सगळी. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून आवाज, पाण्याला आलेल्या पोरी घागरी टाकून बघत राहिल्या. मी आयुष्यभर एवढ्या थट्टा केल्या आणि शेवटी तिला हसवलंस तू. मला फार वाईट वाटलं, पण असू दे.

घरी येईपर्यंत ती हसतच होती. तिचा आवाज ऐकून केलेऊसने आतून विचारलं, "कोण आलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन त्याला म्हणाली, "येतायत."

चुलीभोवतीची राख मी झाडून ठेवलीय. या लवकर.

यांबे